मातीला हात

‘बळ ज्याचं त्यानं कमवायचं असतं, ते कुणाकडून घेता येत नाही आणि कुणाला देता येत नाही.’ हे वाक्य भुसावळच्या एका व्यायामशाळेच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली दंड मारून निदान दोन पिढ्या रुंद झाल्या होत्या. दोन हजार एकोणचाळीसच्या मे महिन्यात ते पुसण्यात आलं. वाक्य खोटं ठरलं म्हणून नव्हे. त्या भिंतीवर अठरा चार्जिंग पॉइंट बसवायचे होते आणि पट्टी सरळ मारायची तर मध्ये ‘कमवायचं’ येत होतं.

मधुसूदन नारखेडे खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे बघत होते. अक्षर त्यांचंच होतं. एकोणिसाव्या वर्षी वस्तादांच्या सांगण्यावरून शिडीवर चढून त्यांनी ते लिहिलं होतं आणि ‘त्यानं’वरचा अनुस्वार राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी आणली होती. इलेक्ट्रिशियननं विचारलं, सर, पुसू ना? सरांनी मान डोलावली. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांना वाटलं. पण ते काही वाटलं नाही.

नारखेडे राज्याच्या महिला बेसबॉल संघाचे स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच होते. नेमणूकपत्रात कुणीतरी त्याचं मराठी करून ‘सामर्थ्य व अनुकूलन प्रशिक्षक’ असं लिहिलं होतं. ‘अनुकूलन’ हा शब्द गल्लीनं फक्त वातानुकूलनातच ऐकलेला, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात तिघं जण एसी थंड करत नाही म्हणून त्यांच्याकडे आले. सरांनी दोघांना समजावून सांगितलं. तिसऱ्याकडे जाऊन फिल्टर धुऊन दिला, कारण ते समजावण्यापेक्षा सोपं होतं.

काम मात्र ते मनापासून करत. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि लोकांना वाटतं की पिचर हातानं फेकतो. सर सांगत की हात नुसता पोचवायला असतो. चेंडू फेकते ती जमीन. टाच जमिनीला रेटते, तो रेटा मांडीत, मांडीतून कंबरेत, कंबरेतून पाठीत, खांद्यात, कोपरात आणि शेवटी दोन बोटांत येतो. पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा सातवा भाग जातो. मग सुटलेला हात थांबवायचा असतो आणि ते काम खांद्यामागचे चार लहान स्नायू करतात, ज्यांचं कुणी कधी कौतुक करत नाही. त्या स्नायूंसाठी सर मुद्गल फिरवायला लावत. परदेशी पुस्तकांत त्यासाठी रबरी पट्टे सांगितले होते. सरांकडे मुद्गल होते.

त्यांची मुलगी निशिगंधा या संघाची मुख्य पिचर. अकराव्या वर्षापासून रोज सकाळी ती त्यांच्याबरोबर व्यायामशाळेच्या मैदानावर यायची. फाटकाच्या आत ती त्यांना ‘सर’ म्हणायची आणि बाहेर ‘पप्पा’. हा नियम कुणी केला ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण पंधरा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. आतल्या बाजूला उभी राहून ती विचारायची, “सर, झालं?” आणि फाटक ओलांडलं की म्हणायची, “पप्पा, चावी.”

आता ती सव्वीस वर्षांची होती. क्रीडा कोट्यातून गट-ब अधिकारी व्हायचं तर राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण लागत होतं. तिच्याकडे कांस्यं होती, दोन. वयाची अट पुढच्या मार्चमध्ये संपत होती, म्हणजे स्पर्धा एकच उरली होती. त्यात आदल्या वर्षी खांद्यामागच्या त्या चारपैकी एक स्नायू फाटला आणि आठ महिने हात गळ्यात बांधून गेले. मे उजाडला तेव्हा स्पर्धेला बारा आठवडे होते. गमावलेलं बळ बारा आठवड्यांत परत येत नाही, हे सरांनी तिला स्वतःच शिकवलं होतं.

तेवढ्यात झूल आली.

कंपनी पुण्याची होती आणि तिनं यंत्राचं नाव ‘प्रतिश्रम’ ठेवलं होतं. ते दिसायला घट्ट जॅकेट आणि तसलीच विजार, आतून विजेच्या सहाशे चकत्या लावलेली. पोळ्याला बैलाला घालतात तशी दिसते म्हणून मुलींनी पहिल्याच दिवशी तिला झूल म्हटलं आणि पुढे कंपनीच्या माणसांच्या तोंडीही तेच बसलं.

बरोबर आलेल्या इंजिनिअर रेवती बापट यांनी सगळ्यांना खाली बसवून नीट समजावलं होतं. माणूस वजन उचलायला लागला की पहिले काही आठवडे त्याचा स्नायू फारसा वाढतच नाही. तरी तो जास्त वजन उचलू लागतो. कारण स्नायूच्या आतले हजारो धागे एरवी आळीपाळीनं काम करतात. सरावानं मेंदू त्यांना एकदम आणि योग्य क्रमानं हाक मारायला शिकतो. बळ म्हणजे निम्मं मांस आणि निम्मी ही हाक. मग एखाद्या मुरलेल्या माणसाची हाक त्याच्या कातडीवरून टिपली आणि तीच दुसऱ्याच्या अंगात रोज तीन तास वाजवली तर? स्नायू आकसतात, सुटतात, आकसतात. हुकूम कुणाचा होता ते त्यांना कळत नाही. आठ आठवड्यांत हाक मुरते आणि मग झूल न घालताही मेंदू तशीच मारू लागतो.

“स्नायूला मालक कोण ते कळत नाही,” बापट मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या माहितीपत्रकातही होतं.

एकच अडचण होती. एवढं काम अंगाकडून करून घेतलं की ते दुखणार, आणि दुखलं की माणूस अंग चोरतो, मग हाक बिघडते. म्हणून दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या नसा झूल बंद ठेवायची. काढल्यावरही पाच-सहा तास अंग बधिर राहायचं. त्यात धोका काहीच नाही, असं पत्रकात दोनदा छापलेलं होतं.

आता मुरलेला माणूस हवा होता. कंपनीनं तीनशे अकरा जणांची चाचणी घेतली. त्यांत पदकवाले होते, पहिलवान होते, परदेशात शिकून आलेले होते. त्या सगळ्यांची हाक दर वेळी थोडी वेगळी यायची. नवव्या वर्षापासून एकाच तालमीत, एकाच मातीत, एकाच पद्धतीनं बैठका मारलेले नारखेडे सर मात्र शंभर वेळा उठले तरी शंभर वेळा तसेच उठायचे. बापट मॅडमनी आलेख दाखवला, तेव्हा त्यावर शंभर रेघा होत्या आणि एकच दिसत होती. सरांना आयुष्यात कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, “आमच्या वस्तादांना सांगायला हवं होतं.” वस्ताद जाऊन सोळा वर्षं झाली होती.

तीन आठवडे सरांचं रेकॉर्डिंग चाललं. बैठका, मुद्गल, एका पायावरचे उठाव, भिंतीवर फेकायचा जड चेंडू. शेवटच्या दिवशी कमाल वजन हवं होतं: दीडशे किलोचा बार जमिनीवरून कंबरेपर्यंत, पाच वेळा. सर बारजवळ गेले, उजवा हात जमिनीला लावला, छातीला लावला आणि उचलला. वजन हाताबाहेरचं वाटलं की ते असं करायचे. तालमीत सगळेच करायचे. नेहमीच्या वजनाला करत नसत. दीडशेला त्यांनी पाचही वेळा केलं, आणि त्यांना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की एकदाही केलं नाही. बापट मॅडमनी नोंद तपासली तेव्हा त्यांना काही वावगं दिसलं नाही. बार उचलायला माणूस वाकतोच.

त्यानंतर सरांना काम उरलं नाही. रोज सकाळी अठरा मुली चटयांवर आडव्या पडायच्या, झुली भिंतीला जोडायच्या आणि मोबाइल बघत तीन तास सरांचा व्यायाम करायच्या. मधूनच अठरा मांड्या एकदम थरथरायच्या. सर खुर्चीवर बसून देखरेख करायचे. देखरेख कशाची, ते ठरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी निशीजवळ जाऊन विचारलं होतं, “कसं वाटतंय?”

“काही वाटत नाही, सर,” ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली. तक्रार नव्हती. खरंच काही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं आणि तेच उत्तर आलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. पंधरा वर्षांत या वेळेला दोघं एकमेकांशी जे काही बोलत होती ते सगळं दुखण्याबद्दलच होतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मांडी भरून आली, खांदा ओढतोय, आज पाठ सुटली. आता तो विषयच उरला नव्हता.

गुण मात्र आला, आणि झपाट्यानं आला. चौथ्या आठवड्यात निशीचा चेंडू ताशी एकशे एक किलोमीटरवरून एकशे सातवर गेला, आठव्यात एकशे बारावर. एवढा वेग तिला खांदा फाटण्याआधीही कधी आला नव्हता.

वेगाबरोबर बाकीही काही आलं. पिचरचा चेंडू झेलणारी कॅचर रुख्सार तडवी यावल तालुक्यातली, जिभेनं तिखट. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून सरांसमोर उभी राहिली. “सर, तुमचं बळ मी ठेवते,” ती म्हणाली, “पण हा तुमचा गुडघा मले काही कामाचा नाही. वापस घ्या.” तिच्या आजीनं तिला जिना चढताना पाहिलं होतं आणि ही पोरगी पन्नाशीच्या बुवासारखी कठड्याला धरून का चढते, म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. बघता बघता कळलं की अठराच्या अठरा मुली तशाच चढत होत्या. दुखत कुणालाच नव्हतं. सरांचा डावा गुडघा एकोणीस वर्षांपूर्वी मुरगळला होता आणि त्याला सांभाळून घ्यायची सवय हाकेत बसली होती. बापट मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाल्या.

घरी जेवण झाल्यावर निशी डाव्या गुडघ्यावर हात टेकून ‘हं’ करत उठली, तेव्हा सरांच्या पत्नी कुमुद आमटीचं पातेलं हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिल्या.

“अहो, एक होता घरात,” त्या म्हणाल्या, “आता दोन झाले.”

निशी हसली नाही. तिच्या अंगाचा बधिरपणा अजून उतरला नव्हता. त्याच आठवड्यात उकळत्या चहाचा कप तिच्या मनगटावर कलंडला होता आणि फोड आल्यावर तिला कळलं होतं. कुमुदनं फोडावर कोरफड लावली आणि नवऱ्याला विचारलं की हे असं किती दिवस. सरांनी सांगितलं, सुवर्ण मिळेपर्यंत.

स्पर्धा जुलैअखेर हरियाणात होती. आठ संघ येणार होते, सात आले. आठव्याची गाडी कुठंतरी पुरात अडकली आणि तो परस्पर परत गेला. त्यांच्याशी महाराष्ट्राचा पहिला सामना होता, तो न खेळताच मिळाला. सरांना बरं वाटलं. प्रवासानं मुली शिणल्या होत्या. त्यांनी स्वतः जाऊन संयोजकांच्या कागदावर सही केली.

उपांत्य सामन्यात निशीनं दिल्लीच्या अकरा जणींना बाद केलं. सर कुंपणाला टेकून बघत होते. शेवटच्या डावात दोन धावपटू बेसवर होत्या आणि सामना निसटू शकत होता. निशीनं दोन्ही हात छातीशी आणले, चेंडू मिटात, म्हणजे डाव्या हातातल्या चामडी मोज्यात, धरला आणि थांबली. तेव्हा तिचे गुडघे दोन बोटं वाकले. उजव्या हाताची मूठ मिटातून किंचित सैल झाली. मग तिनं चेंडू टाकला, समोरची बाद झाली आणि सगळ्या धावत सुटल्या.

सरांनी कुंपण धरून ठेवलं. ती हालचाल ते ओळखत होते, पण कुठली ते त्यांना आठवेना, कारण स्वतःला मागून किंवा पुढून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांचा स्वतःचा उजवा हात खाली जायला लागला आणि त्यांना कळलं.

बेसबॉलमध्ये बॉक नावाचा एक नियम आहे. पिचर एकदा हात छातीशी आणून स्थिर झाली की पुढची हालचाल चेंडू टाकण्याचीच हवी. हात मिटातून काढला आणि चेंडू टाकला नाही, तर तो बॉक. बेसवरच्या प्रत्येक धावपटूला एक बेस फुकट. तिसऱ्या बेसवर कुणी असेल तर ती चालत घरी, म्हणजे फलंदाजाजवळच्या होम प्लेटवर, येते आणि धाव मिळते. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना हा नियम माहीत नसतो. काही खेळाडूंनाही नसतो.

त्यांनी पॅव्हेलियनमागे जाऊन बापट मॅडमना फोन लावला. मॅडमनी तिथल्या तिथे नोंद उघडली आणि शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या की हो, कमाल वजनाच्या पाचही उठावांत ते मातीला हात लावणं आहे. निशीचा जोर सत्त्याऐंशी टक्क्यांच्या वर गेला की ते जागं होतं. सरावात ती तिथवर गेलीच नव्हती. सरांनी विचारलं, दुसरी पिचर उतरवू का? पण दुसरीच्या अंगातही तेच होतं, तिसरीच्याही. काढता येतं का? झूल बंद ठेवली तर दहा-बारा दिवसांत बहुतेक विरतं. अंतिम सामना उद्या सकाळी दहाला होता.

“तिला सांगू?” सरांनी विचारलं.

“सांगितलंत तर तिचं सगळं लक्ष त्या हाताकडे जाईल, आणि लक्ष गेलं की हाक अडखळते. चेंडू प्लेटपर्यंत पोचेल का सांगता येत नाही.” मग अडखळत म्हणाल्या, “नाही सांगितलंत तर कदाचित होणारही नाही. टक्केवारी काढून देऊ?”

सर म्हणाले, नको.

सकाळी जेवणाच्या मंडपात निशी ताट घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. रात्रभर तिनं झूल चढवली होती, मोबाइल चार्जिंगला लावावा तशी. चेहऱ्यावर काही नव्हतं. ती पराठ्याचे तुकडे करत होती आणि खात नव्हती. मग तिनं वर पाहिलं.

“सर, काही सांगायचंय का?”

पंधरा वर्षांत प्रत्येक सामन्याआधी सरांनी तिला काहीतरी सांगितलं होतं. टाच रेट. खांदा उघडू नको. श्वास सोडून टाक. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

“पराठ्यात मीठ जास्त आहे,” ते म्हणाले.

तिनं एक घास खाल्ला. “मला नाही कळत,” ती म्हणाली.

अंतिम सामना यजमानांशी होता. सातव्या म्हणजे शेवटच्या डावात तीन-तीन अशी बरोबरी होती, यजमानांच्या दोघी बाद झाल्या होत्या आणि त्यांची एक धावपटू तिसऱ्या बेसवर उभी होती. समोरच्या फलंदाजाचे दोन स्ट्राइक झाले होते. आणखी एक स्ट्राइक पडला की ती तिसरी बाद होऊन डाव संपणार होता आणि पुढच्या जादा डावात आधी फलंदाजी महाराष्ट्राची होती. रुख्सारनं मिट मांडलं. निशीनं दोन्ही हात छातीशी आणले आणि स्थिर झाली.

मग तिचा उजवा हात चेंडूसकट मिटातून निघाला, गुडघे वाकले, बोटांची पेरं मातीला लागली आणि हात परत येऊन छातीला टेकला. सगळं अगदी सावकाश, नीट झालं. तालमीत कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, पोरीला वळण आहे.

अंपायरनं तिच्याकडे बोट केलं आणि मग तिसऱ्या बेसवरच्या मुलीला घरी जायची खूण केली. ती मुलगी गोंधळून तिथेच उभी राहिली. तिच्या कोचनं ओरडून तिला चालायला लावलं. ती चालत आली आणि प्लेटवर पाय ठेवून पुन्हा अंपायरकडे बघू लागली. आपण राष्ट्रीय विजेते झालोय हे यजमानांना कळायला दीडएक मिनिट गेलं. नियमपुस्तक मागवलं गेलं, कुणीतरी पान काढून दिलं आणि मग टाळ्या झाल्या. निशी माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, तशीच उभी होती. दुसऱ्या कुणाची छत्री आपल्या हातात राहून जावी तशी ती हाताकडे बघत होती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. भोपाळ गेल्यावर, दुपारी, तिनं विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“दिल्लीच्या सामन्यापासून.”

तिनं मान हलवली. रौप्यपदक तिच्या पिशवीत, डब्याशेजारी होतं. थोड्या वेळानं इटारसी आलं. ती म्हणाली, “सर, चहा घेणार का?” गाडी म्हणजे काही मैदान नव्हतं. फाटक तर कुठंच नव्हतं.

ती पुढे घरातही त्यांना सरच म्हणू लागली. सर, जेवायला वाढलंय. सर, गॅसवाला आलाय. तिनं भांडण केलं नाही, दार आपटलं नाही; रोजचं बोलणं रोजच्यासारखं चालू ठेवलं आणि त्यातला फक्त एक शब्द बदलला. कुमुदनं महिनाभर ऐकून घेतलं. मग एक दिवस भाजी निवडता निवडता नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही तिला एक वाक्य सांगितलं असतं तर ती हरली असती. तरी हरलीच की. मग सांगायला काय झालं होतं?” सरांनी निवडलेली भाजी उचलून ओट्यावर ठेवली. ती हरेल म्हणून आपण गप्प बसलो, की आपला हात तिच्या अंगात आहे हे तिला सांगवेना म्हणून, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. आणि नक्की करण्याइतकं काही आत हलतही नव्हतं.

कंपनीनं ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढली. तिच्यात गुडघा नव्हता, वाकणं नव्हतं आणि नारखेडे सरही नव्हते. व्यायामशाळेतून झुली गेल्या; चार्जिंग पॉइंट राहिले. लग्न होऊन सासरी गेलेल्या रुख्सारनं कळवलं की गॅसचा सिलिंडर उचलायच्या आधी ती अजूनही मातीला हात लावते, आणि तिच्या सासूला सून फार संस्कारी वाटते.

निशीनं वय संपायच्या आत रौप्यपदकावर गट-क लिपिकासाठी अर्ज केला. गट-ब गेलं ते गेलंच. सुवर्ण असतं तर, हे वाक्य घरात कुणी बोललं नाही. सर एकटेच मैदानावर जाऊ लागले.

जानेवारीतल्या एका सकाळी ते बारसमोर उभे असताना फाटक वाजलं. निशी आत आली. अंगावर जुनी ट्रॅकपँट होती. ती त्यांच्या शेजारी येऊन बारकडे बघत राहिली.

“हे जमिनीला हात का लावतात?” तिनं विचारलं. सर म्हटलं नाही, पप्पाही म्हटलं नाही.

सरांनी कधीतरी वस्तादांना हेच विचारलं होतं. तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि त्यांना वाटलं होतं की वस्ताद मातीला आई वगैरे म्हणतील. पाहुण्यांसमोर वस्ताद तसंच म्हणायचे.

“कंबर वाकते म्हणून,” सर म्हणाले. “जड उचलायच्या आधी एकदा रिकामं वाकून बघायचं. कुठं दुखतंय का ते कळतं. मग हात छातीला लावायचा, म्हणजे पाठ परत सरळ होते. तेव्हाही दुखतंय का बघायचं. दुखलं तर त्या दिवशी उचलायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

निशीनं आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. “म्हणजे त्या दिवशी मी विचारलं होतं,” ती म्हणाली, “आणि उत्तर येणारी वायर काढलेली होती.”

सरांनी बारवरची दोन वजनं उतरवली. मग आणखी दोन. उरला तो नुसता बार आणि दोन्हीकडे पाच-पाच किलो. निशी पुढे झाली. तिनं पाय लावले, गुडघे वाकवले, उजव्या हाताची पेरं मातीला टेकली आणि तशीच वाकून राहिली. सर वाट बघत होते. तिचा हात छातीकडे येईना.

“पप्पा,” ती खाली बघूनच म्हणाली, “दुखतंय.”

ती फाटकाच्या आत होती. सरांनी फाटकाकडे पाहिलं. ते बंद होतं.

“कुठं?”

“खांद्यामागं. त्याच जागी. पाठीतही आहे. मांडीतही.”

“मग आज नाही उचलायचं,” सर म्हणाले.

दोघं पायीच घरी आली. वाटेत तिनं सगळं दुखणं जागेसकट सांगितलं आणि सरांनी मध्ये मध्ये ‘हं’ केलं. जिना ती कठडा न धरता चढली. दारात कुमुद पत्र घेऊन उभ्या होत्या. सरकारी होतं, क्रीडा प्रमाणपत्राच्या पडताळणीचं. निशीनं ते उभ्याउभ्याच वाचलं आणि वडिलांच्या हातात दिलं.

त्यात लिहिलं होतं की, नोकरीतल्या आरक्षणासाठी स्पर्धेत किमान आठ संघांचा सहभाग आवश्यक असून सदर स्पर्धेत सात संघ सहभागी झाल्याने तीमधील सुवर्णासह कोणतेही पदक ग्राह्य धरता येत नाही. सोबत संयोजकांचा कागद जोडला होता. आठवा संघ न आल्याबद्दल काही हरकत नाही, अशी त्यावर नारखेडे सरांची सही होती.